पावसात रंगवलेली टाकी

१५ जून, रविवार

गाडीची टाकी गायब! सकाळी ओटा धुवायला बाहेर गेले तर बोळात गाडी उभी — हँडल आहे, सीट आहे, मधली टाकीच नाही. मला वाटलं चोरी झाली. वरच्या भाडेकरूंना हाक मारणार, तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "पार्थनी काढलीय. रंगवाला नेलीय."

रंगवायला. ऐन जूनमध्ये.

वीस वर्षांपूर्वीची गाडी. टाकीला डावीकडे मोठा पोचा, खालून गंज, आणि रंग इतका उडालेला की मूळचा काळा की चॉकलेटी, सांगता येत नाही. चार वर्षं पार्थ तीच चालवतोय, एकदाही लाज वाटली नाही. आताच काय झालं?

आणि घरात आम्ही माणसं किती — मी, माझा मुलगा आणि माझी सासू. त्यातही त्याने सांगितलं कोणाला, तर आजीला! आई शेजारच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत होती, तिला नाही.

मुलगी असणार. बावीस वर्षांचा मुलगा गाडी चमकवतो तेव्हा दुसरं काय असतं?

१७ जून

कान्हाच्या गॅरेजला जाऊन आले. गावात तोच एक बरं काम करतो. विचारलं, पार्थची टाकी तुझ्याकडे आहे का? तो हसायलाच लागला. "काकी, पावसाळ्यात कोन टाकी रंगवतं? हवेत पानी असतं, रंग दुधासारका पांढरा पडतो. मी दसऱ्याच्या आदी घेतच नाय."

म्हणजे कान्हाकडे नाही. आणि ज्याच्याकडे आहे त्याला एक तर काम येत नाही, नाहीतर त्याला थांबायला वेळ नाही.

रात्री जेवताना पार्थला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, मित्राकडे दिलीय. कुठला मित्र? तू ओळखत नाहीस. इतकं बोलून ताटात मान घातली ती जेवण होईपर्यंत वर केली नाही. सासूबाईंनी मध्येच त्याला आणखी भात वाढला. त्या कधी वाढायला उठत नाहीत.

२२ जून, रविवार

सकाळी आठला पाठीवर सॅक लावून गेला, सात वाजता आला. ऑफिसला सुट्टी. म्हणे क्रिकेट. एवढ्या पावसात क्रिकेट!

कपडे भिजत घालण्याआधी शर्ट नाकाला लावून बघितला. (कोणी वाचणार नाहीये, म्हणून लिहिते.) टर्पेंटाइनचा वास. त्याच्याखाली चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा. डिझेलचाही. अत्तराचा, पावडरीचा काही नाही. माझं नाक चुकत नाही. म्हणजे मुलगी खाडीकाठची. दिवाळे गावची की सारसोळे गावची?

२३ जून

बाहीवर पिवळ्या रंगाचा थेंब सापडला. साबणाने गेला नाही.

२९ जून, रविवार

टाकी घरी आली! पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. तो अंघोळीला गेल्यावर उघडून बघितली. सगळा रंग खरवडून काढलाय, नुसता पत्रा. पोचा होता तिथे लांबीची पुट्टी भरून इतकी गुळगुळीत घासलीय की हाताला कळतच नाही. काम मन लावून केलेलं आहे, हे मान्य करावं लागेल.

पण एकविरा आईचं स्टिकर गेलं! ते मी लावलेलं होतं. पार्थ पहिल्यांदा गाडी घेऊन रस्त्यावर गेला, त्याच्या आदल्या आठवड्यात मी कार्ल्याच्या डोंगरावरून आणलं होतं, टाकीला स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं.

तो बाहेर आल्यावर विचारलंच. म्हणाला, केस सुकवायच्या मशीनने गरम केलं की अख्खं निघतं. मग टाकलंस कुठे?

"टाकलं नाय, मम्मी. देवाचं स्टिकर कोन टाकतं काय? लावलं एका ठिकाणी."

"कुठे?"

"चांगल्या ठिकाणी."

बरोबर आहे, देवाचं काही आम्ही कचऱ्यात टाकत नाही, जुन्या वर्षाचं कॅलेंडरसुद्धा खाडीत सोडतो. पण ते चांगलं ठिकाण म्हणजे कोणाचं? माझी आई कोणाच्या घरी नेऊन लावलीय ह्याने?

५ जुलै

आज नवीन शंका. गाडी विकायची असेल तर? विकण्याआधी माणसं असंच करतात — आत सगळं खिळखिळं, वरून रंग.

गाडी त्याची नाही, त्याच्या बापाची. मी नाव घेत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. मधुकर. पार्थ तीन वर्षांचा असताना गेला. मेला नाही, गेला. बोटी रंगवायला उरणजवळ मोऱ्याला जायचा. पावसात मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी काठावर ओढलेल्या असतात, तेव्हा रंगाऱ्यांचा हंगाम. दोन महिन्यांसाठी गेलेल्या माणसाने तिथलीच एक केली आणि परत आला तो फक्त कपडे न्यायला. गाडी पेट्रोलशिवाय बोळात पडली होती, ती तशीच टाकून चालत निघाला. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघत होती.

तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या होत्या की तुझ्या त्या घराची पायरी मी चढणार नाही. आणि शब्द पाळला. पोटच्या मुलाला सोडून सुनेजवळ राहिल्या. घणसोली गावात अजून बायका आमचं नाव काढतात.

मीही त्यांना काही कमी केलं नाही. दोन डोळ्यांची ऑपरेशनं केली, गुडघ्याला तेल लावते, त्यांना लागते तशी तांदळाची भाकरी रोज गरम. मी नसते तर कोणी बघितलं असतं त्यांना? हे कोणाला बोलून दाखवत नाही. पण खरं आहे ते खरं आहे.

१० जुलै

सासूबाईंचं काहीतरी बिघडलंय. दुपारी माझ्या मशीनच्या स्टुलावर एक पाय ठेवून, कपाट धरून वर चढायचा प्रयत्न करत होत्या. पंचाहत्तरीची बाई! मी ओरडले. तर म्हणे, "गुडघं मोकलं करतंय."

वर ट्रंकेतलं हिरवं नऊवारी काढून उन्हाअभावी पंख्याखाली टाकलंय. आणि मला म्हणाल्या, ह्याच्यावर एक ब्लाउज शिवून दे. कशाला? असाच. त्या असाच म्हणून काही करत नाहीत, मी त्यांना ओळखते.

आता सगळं जुळलं. साखरपुडा! नातवाने मुलगी ठरवलीय, आजी सामील आहे, तिने साडीसुद्धा काढली. आणि मुलाच्या आईला कळणार कधी, तर हळद लागली की! माप घेताना मी मुद्दाम विचारलं, कुठे कार्य आहे का? त्यांनी दंड वर केला आणि खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत राहिल्या.

ब्लाउज तरी शिवून टाकला. राग आला म्हणून मी शिलाई वाकडी घालत नाही.

१३ जुलै, रविवार

आजचं आजच लिहिते.

संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं. आत दोघंही. टाकी पलंगावर, आणि सासूबाई तिच्यावर वाकून सांगत होत्या, "पट्टा बारीक हाय. आजून एक हात मार म्हनावं." मी दार उघडलं. पार्थने टाकीवर टॉवेल टाकला, पण माझं बघून झालं होतं.

निळी टाकी. गडद, समुद्राकडे जाणाऱ्या बोटींचा असतो तो निळा. आणि कडेने दोन पट्टे, एक पिवळा, एक लाल. पुढे येऊन दोन्ही एकमेकांत अडकतात आणि गळाच्या आकड्यासारखे वळतात. स्प्रे नाही, स्टिकर नाही. ब्रशने ओढलेले.

तो आकडा मी ओळखते. पार्थच्या पाळण्याला होता. आमच्या पहिल्या कपाटाला होता. जगात तसा पट्टा एकच माणूस ओढतो.

मुलगी नाहीच. महिनाभर मी भलत्याच माणसाचा वास घेत होते. हा बापाकडे जातोय!

१४ जुलै

ब्लाउजची बाही उलटी जोडली. उसवली.

१६ जुलै

शांत डोक्याने विचार केला. पट्टा त्याचाच, पण हात त्याचा नाही. तो ओढायचा तेव्हा रेघ एका दमात जायची. ही मध्येमध्ये थांबलीय, एके ठिकाणी थरथरलीय. दुसऱ्या कोणीतरी त्याच्या सांगण्यावरून ओढलीय. कोणी?

पार्थला काही विचारलं नाही. विचारलं तर तो खोटं बोलेल, आणि मग मला ते खोटं सांभाळत बसावं लागेल. पण नजर ठेवून आहे.

२० जुलै, रविवार

पुन्हा गेला. मी त्याचं कपाट आवरलं. तीन शर्ट कमी. निळा चौकटीचा, पांढरा, आणि दिवाळीला मीच शिवलेला खाकी. धुवायला नाहीत, दोरीवर नाहीत. विचारलं तर म्हणाला, ऑफिसमध्ये राहिले असतील. कोणी ऑफिसमध्ये जाऊन शर्ट काढतं का?

थोडं थोडं सामान हलवतोय. मी काय मूर्ख आहे? त्याचा बाप निदान एका पिशवीत सगळं भरून उजेडात गेला होता.

तीन वर्षांच्या पोराला मी एकटीने वाढवलं. शाळेच्या फीसाठी लोकांच्या परकरांना नाड्या घातल्या. आता कमावता झाल्यावर तो आयता त्यांच्याकडे जाणार. हे मी होऊ देणार नाही.

२४ जुलै

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून कोंबडीचं कालवण आणि वडे. पार्थ ऑफिसमधून येऊन लगेच बाहेर. हातात डबा — चार पुडांचा, सासूबाईंनी भरलेला! मला म्हणाल्या, मित्राला देतोय. आणि स्वतः जेवल्या नाहीत. अर्ध्या वड्यावर हात धुतला. मी भांडी जरा आपटली.

२७ जुलै, रविवार

मोऱ्याला जाऊन आले.

घरी सांगितलं, वाशीला अस्तराचं कापड आणायला जाते. नेरूळहून उरणची लोकल धरली, पुढे रिक्षा. इतक्या वर्षांत एकदाही त्या दिशेला तोंड केलं नव्हतं. जेट्टीच्या अलीकडे काठावर बोटी ओढून ठेवलेल्या, वर ताडपत्र्या, सगळीकडे रंगाचा वास. तोच वास, शर्टाला यायचा तो. एका म्हाताऱ्या जाळं विणणाऱ्या बाईला विचारलं, मधुकर रंगारी कुठे राहतात? तिने बोट दाखवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी छत्री खाली घेतली.

घर बोटींच्या मागेच. पडवीत एका उलट्या क्रेटवर टाकी ठेवलेली, तिच्यावर वायरीने मोठा पिवळा बल्ब टांगलेला, रंग सुकावा म्हणून. बाजूला पार्थ. टाकीसमोर मांडी घालून एक मुलगी, सतराएक वर्षांची, हातात बारीक ब्रश, श्वास रोखून पट्टा ओढत होती. कपाळ बघितलं आणि मला काही विचारायची गरज उरली नाही. पार्थचंच कपाळ. पार्थने तिला नमिता म्हणून हाक मारली.

आणि खुर्चीवर तो. ओळखूच आला नाही आधी. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. अंगात पार्थचा खाकी शर्ट, दिवाळीचा, माझ्या हातचा. डाव्या हाताच्या बोटाने मुलीला हवेत दाखवत होता, रेघ कशी वळवायची ते. बोलायला गेला तर शब्द फुटले नाहीत. मुलीने ब्रश ठेवला, चहा बशीत ओतला, फुंकला आणि त्याच्या तोंडाला लावला. अर्धा शर्टावर सांडला.

मी एका बोटीच्या आड उभी होते. मनात मी ह्या माणसाला फार वाईट वाईट दिवस दाखवलेत, पण हा नव्हता दाखवला. मी पुढे जाणार होते. खरंच जाणार होते.

तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. चौकटीवर, मधोमध, एकविरा आई. माझी. एका कोपऱ्याला माझ्या नखाची दुमड आहे, ती तशीच. चांगलं ठिकाण म्हणे! माझी देवी त्या बाईच्या दारावर, माझा मुलगा तिच्या पडवीत, मी शिवलेला शर्ट तिच्या नवऱ्याच्या अंगावर. आणखी काय न्यायचं राहिलं?

मुलगी पाणी फेकायला बाहेर आली आणि मला बघितलं. कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुंबईची लाँच कधी आहे? ती म्हणाली, "आता ओहोटी हाय, बाय. भरती होयाला येल हाय. पावसात नको उभी राहू, ये ना पडवीत." आवाज गोड आहे. मी छत्री तोंडावर ओढली आणि सरळ चालू लागले.

अस्तर आणायचं राहिलं. सासूबाईंनी रिकाम्या हाताकडे बघितलं.

२८ जुलै

पार्थला समोर बसवलं. सांगितलं, मी काल मोऱ्याला होते. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग सांगायला लागला — मार्चमध्ये बापाला लकवा आला, पार्थला कोणीतरी फोन केला, तो बघायला गेला, मग जात राहिला. मला कसं सांगावं कळेना.

मी विचारलं, तिकडे राहायला कधी जाणार?

"मम्मी, मी कुठं जात नाय."

"मग गाडी कशाला सजवतोस? कपडे कशाला नेतोस?"

"आजीला विचार."

बघा! स्वतःच्या पापात पंचाहत्तरीच्या म्हातारीला ओढतो. जिने मुलाचं तोंड बघितलं नाही माझ्यासाठी, तिला मी हे विचारू? मी उठले. त्याच्याशी बोलायचं बंद.

३ ऑगस्ट, रविवार

टाकी बसवली. गाडी बोळातून बाहेर काढून पुसली, आणि गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. नवीन घेतली का गं, शुभदा? कान्हासुद्धा आला, दोनदा हात फिरवून बघितला, म्हणाला, पावसात असा रंग मी नसता काढू शकलो.

सुंदर झालीय. हे लिहायला नको होतं, पण झालीय.

सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून कितीतरी वेळ बघत बसल्या. गाल लाल झाले होते. त्यांना खूश बघून मला आणखीच राग आला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ही गाडी कोणाला घेऊन जाणार ते.

४ ऑगस्ट

सासूबाई दोनदा मशीनजवळ आल्या. "शुभे, जरा बस ना." मी म्हटलं, सणाचे ब्लाउज आहेत, नंतर. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा, सुई दे, दोरा ओवून देते म्हणाल्या, त्यांनाच नीट दिसत नाही तरी. ओवता आला नाही, सुई-दोरा माझ्या हातात परत दिला आणि गेल्या.

७ ऑगस्ट

उद्या नारळी पौर्णिमा. पार्थने सुट्टी घेतलीय. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी बोलत नाही, तर तोही बोलत नाही.

दुपारी सासूबाईंच्या खोलीत झाडायला गेले. पलंगाखाली बॅग. भरलेली, चेन लावलेली. पार्थने स्वतःच्या पलंगाखाली ठेवली तर मला दिसेल, म्हणून आजीच्या पलंगाखाली लपवली! उघडली नाही. आतले त्याचे कपडे मला बघवले नसते.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. पार्थ बाहेर. मी कापडाची कात्री घेऊन बोळात गेले. गाडी उभी होती. पावसाचं पाणी टाकीवर मोत्यासारखं थांबलं होतं, इतका गुळगुळीत रंग. मी कात्रीचं टोक पट्ट्याच्या आकड्यावर ठेवलं आणि दाबून खालपर्यंत ओढलं. निळ्याखालचं अस्तर दिसलं, मग पत्रा. एक रेघ, हातभर.

बरं वाटलं. दोन मिनिटं फार बरं वाटलं.

पार्थ सहा वाजता आला. बघितलं. अंगठा त्या रेघेवरून वरून खाली नेला. ओट्यावर बसला. कोणी केलं, हे विचारलं नाही. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. अंधार पडेपर्यंत तो तिथेच बसून होता, आणि मी आत मशीन चालवत होते, दोरा न घालता.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी सासूबाई बाहेर आल्या त्या हिरवं नऊवारी नेसून. मी शिवलेला ब्लाउज, केसात अबोलीचा गजरा. पलंगाखालची बॅग पार्थच्या हातात. टाकीजवळ थांबल्या, ओरखडा बघितला. पार्थ म्हणाला, आजी, दोन दिवस थांब, नमिता भरून देईल. त्या म्हणाल्या, "राहू दे. मी अशीच जाईन."

मला कळेना. मग माझ्याकडे वळल्या. सांगायचं किती दिवस घोळत होतं, तोंड उघडत नव्हतं, म्हणाल्या. आजपासून बोटी निघणार. मोऱ्याची ती बाई पहाटे मासळीला जाणार, मुलगी कॉलेजला. त्याला घास भरवायला दिवसभर घरात कोणी नाही. इतक्या वर्षांनी मुलाच्या दारात जायचं तर चोरासारखं नाही जायचं, गंजक्या गाडीवर तर नाहीच — टाकी त्यांनीच रंगवायला सांगितली होती.

मी म्हटलं, तुम्ही तर पायरी चढणार नव्हता.

"तो गेला तवाच जानार होते ग, दुसऱ्या दिवशी. आय हाय मी त्याची. पन तू तीन दिवस जेवली नव्हतीस, नि पोर तीन वर्साचा. तुमाला टाकून कशी जाऊ? म्हनून राहिले. आता तुझा पोरगा मोठा झाला."

सगळी गल्ली ओट्यावर आली होती. माझ्या खांद्यावर भार देऊन त्या गाडीवर चढल्या. एका बाजूला पाय, एक हात पार्थच्या कमरेला. बॅग पार्थने पुढे घेतली. गाडी वळेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

आत आले तर खिडकीत त्यांची औषधाची पिशवी. बीपीच्या गोळ्या त्यातच आहेत. पार्थला फोन करून परत बोलावता आलं असतं. केला नाही. साडी बदललीय, अकराची उरणची लोकल मिळेल.